परकी भाषा : निवड आपली, अभ्यास आपला

(अहिल्यानगर जिल्ह्यातील विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय प्रथमदर्शनी आपल्या रोजच्या जीवनापासून दूरचा वाटेल. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतील कित्येक कुटुंबांना दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बिऱ्हाड हलवावे लागते. मुलांची शाळा निम्म्यावर सुटते. अशा घरातील मुलांपुढे जर्मन, जपानी किंवा फ्रेंच भाषेची गोष्ट काढणे म्हणजे पोटाला भाकर नसताना पक्वान्नाची चर्चा करण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. परंतु ज्याच्याजवळ जमीन नाही, दुकान नाही आणि वशिलाही नाही, त्याच्यापाशी स्वतःची बुद्धी व स्वतःचा वेळ ही दोनच साधने उरतात. परकी भाषा ही या दोनच साधनांवर मिळविता येण्याजोगी संपत्ती आहे. म्हणून विद्यार्थ्याने कोणती परकी भाषा निवडावी, ती निवड कोणी करावी आणि शिक्षक जवळ नसताना तिचा अभ्यास कसा चालवावा, या तीन प्रश्नांचा विचार आज आपण करू.

भाषा नेमून देण्याचा काळ

आपल्या समाजाच्या बाबतीत भाषेची निवड हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न कधीच नव्हता. कोणी काय शिकावे व काय शिकू नये, हे शतकानुशतके दुसऱ्यांनी ठरविले. परमपूज्य बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतील प्रसंग आपणांस ठाऊक आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत घ्यावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारण्यात आले व त्यांना फारसी घ्यावी लागली. हा प्रसंग आपण पुष्कळदा सांगतो, परंतु त्याचा उत्तरार्ध तितक्या आवर्जून सांगत नाही. जी भाषा शाळेने दिली नाही ती बाबासाहेबांनी पुढे स्वतःच्या परिश्रमाने मिळविली, आणि तीतील ग्रंथांचा आधार घेऊन जातिव्यवस्थेची चिकित्सा केली. ज्या दारातून आत येण्यास त्यांना मज्जाव झाला, त्या घराची तपासणी त्यांनी स्वतः केली.

पुढे १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ व राज्यशास्त्राचे ३, अशी ती भरगच्च यादी आहे. आणि तिच्यात प्राथमिक फ्रेंच व प्राथमिक जर्मन यांचाही प्रत्येकी एक अभ्यासक्रम आहे. ज्याच्यामागे अर्थशास्त्राचे एवढे ओझे होते त्याने फ्रेंच-जर्मनसाठी वेळ का काढावा? कारण उघड आहे. अर्थशास्त्रावरील व समाजशास्त्रावरील पुष्कळसे महत्त्वाचे लेखन त्या काळी त्या भाषांत होत होते, आणि दुसऱ्याने अनुवाद करून देईपर्यंत थांबावयास ते तयार नव्हते. लंडनमध्ये शिकत असताना १९२१ साली त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात प्रवेश मिळविण्यासाठी अर्ज केला. तो त्यांनी स्वहस्ताक्षरात जर्मन भाषेत लिहिलेला आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांचे नाव तेथे नोंदले गेले. आणि उत्तरायुष्यात, प्रकृती साथ देत नसतानाही, ते पालीकडे वळले. पालीचे व्याकरण व शब्दकोश यांसंबंधीचे त्यांचे काम महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन व भाषणांच्या १६ व्या खंडात प्रसिद्ध केले आहे.

यातून घ्यावयाचा धडा कोणता? बाबासाहेब पुष्कळ भाषा जाणत होते, म्हणून आपणही पुष्कळ भाषा शिकाव्यात, हा तो धडा नव्हे. त्यांनी शिकलेल्या प्रत्येक भाषेमागे एक काम होते, हा तो धडा आहे. संस्कृत धर्मग्रंथांच्या चिकित्सेसाठी, जर्मन व फ्रेंच आधुनिक विद्येसाठी, आणि पाली तथागतांच्या वचनांसाठी. आधी काम ठरले, मग भाषा ठरली.

भाषा ही कोणाची मिरासदारी नव्हे

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्षूंनी तथागतांकडे तक्रार केली की, नाना गोत्रांचे व नाना जातींचे भिक्षू आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलून ते बिघडवितात. तेव्हा ते वैदिक छंदात बसवावे, अशी त्यांनी सूचना केली. तथागतांनी ती फेटाळली आणि ज्याने-त्याने आपल्या भाषेत बुद्धवचन शिकावे अशी अनुज्ञा दिली. धम्माच्या दृष्टीने कोणतीही भाषा जात्याच पवित्र नाही व कोणतीही जात्याच हीन नाही. भाषा हे मनुष्याचे साधन आहे. म्हणून इंग्रजी बोलणाऱ्यापुढे दबून जाण्याचे कारण नाही, आणि आपल्या घरातील बोलीची लाज बाळगण्याचेही कारण नाही. ज्याला आपल्या मराठीत एक परिच्छेद नीट लिहिता येत नाही, त्याला परकी भाषाही नीट येणार नाही, हे प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे.

शिक्षक नसेल तर?

आता दुसरी अडचण पाहू. विद्यार्थी म्हणतात, “आमच्या गावी शिकविणारा कोणी नाही.” या बाबतीत धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण आपल्या उपयोगाचे आहे. ते १८७६ साली गोव्यातील साखवाळ या गावी जन्मले. शालेय शिक्षण बेताचेच झालेले. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मराठी मासिकात त्यांनी बुद्धचरित्र वाचले आणि बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यावयाचा असा निश्चय केला. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुणे व वाराणसी येथे संस्कृतचा अभ्यास केला, पुढे नेपाळ व बोधगयेची वाट धरली, आणि १९०२ साली ते सिंहलद्वीपास पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात महास्थविर सुमंगल यांच्या हाताखाली त्यांचे पालीचे अध्ययन झाले. तेथील ग्रंथ सिंहली लिपीत असत. म्हणजे परका देश व परकी लिपी, आणि तिच्याआड दडलेली आपल्याच देशाची जुनी भाषा! पुढे १९१२ पासून त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकविली, अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाचे काम केले, आणि रशियन भाषेचा परिचय करून घेऊन १९२९ साली ते लेनिनग्राडला अध्यापनासाठी गेले.

कोसंबींना जे मिळविण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला, त्यातील बरेच आज आपल्या दाराशी आले आहे. पाली त्रिपिटक देवनागरीत छापलेले आहे. जर्मन, जपानी, स्पॅनिश या भाषांचे उच्चार घरातील मोबाइलवर कानांनी ऐकता येतात. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याचा परकीय भाषा विभाग पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत आहे. साधनांची उणीव अजून आहे, हे खरे. परंतु साधने मुळीच नाहीत असे आज म्हणता येणार नाही.

नगरच्या किल्ल्यातून अकोल्याच्या धामणगावाकडे

आपल्या जिल्ह्यातीलच दोन गोष्टी सांगतो. १९४२ ते १९४५ या काळात काँग्रेसचे पुढारी नगरच्या भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध होते. पंडित नेहरूंनी १९४४ साली ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ तेथेच लिहिला. त्याच बंदिवानांमध्ये आचार्य नरेंद्र देव होते. बौद्ध दर्शनाचे ते गाढे अभ्यासक. वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोश’ या महान ग्रंथाचे हिंदी रूपांतर त्यांच्या नावावर आहे, आणि ते त्यांनी फ्रेंचवरून केले. भारतात लिहिलेला संस्कृत ग्रंथ फ्रेंचवरून का आणावा लागला? कारण मूळ संस्कृत ग्रंथ या देशातून नाहीसा झाला होता. तो चिनी व तिबेटी अनुवादांत टिकून राहिला. त्या अनुवादांच्या आधारे बेल्जियमचे पंडित ला व्हाले पूसँ यांनी १९२३ ते १९३१ या काळात तो फ्रेंचमध्ये उतरविला. राहुल सांकृत्यायन यांना तिबेटात मूळ संस्कृत हस्तलिखित सापडले ते त्यानंतरच्या काळात. पहा, आपलाच वारसा आपल्यापर्यंत येण्यास किती देश हिंडून आला! तो ओळखावयास फ्रेंच जाणणारा मनुष्य लागला.

दुसरी गोष्ट याच्या उलट दिशेची. अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार यांचे ‘बलुतं’ हे आत्मकथन १९७८ साली मराठीत प्रसिद्ध झाले. महारवाड्यातील जिणे त्यांनी जसे होते तसे मांडले. पुण्यात स्थायिक झालेले गी प्वातव्हँ या फ्रेंच गृहस्थांनी मराठी शिकून त्याचा फ्रेंच अनुवाद केला आणि १९९० साली तो पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. एका फ्रेंच माणसाने आपली भाषा शिकण्याचे कष्ट घेतले, म्हणून धामणगावच्या मुलाचे दुःख फ्रान्सच्या वाचकापर्यंत पोहोचले. त्यांच्याविषयी कृतज्ञता असावी, परंतु दर वेळी कोणी परका येऊन आपले म्हणणे जगाला सांगेल अशी वाट पाहत बसणे योग्य नव्हे. आपली बाजू आपण स्वतः मांडावी, हाच आपल्या चळवळीचा आग्रह आहे. तो भाषेलाही लागू पडतो.

निवड कशी करावी?

आता व्यवहाराकडे वळू. विद्यार्थ्याने निवड करताना स्वतःला चार प्रश्न विचारावेत. पहिला, या भाषेत मला कोणते काम करावयाचे आहे? दुसरा, तिची पुस्तके, शब्दकोश व ध्वनिफिती मला मिळतील काय? तिसरा, माझ्या चुका दाखविणारे कोणी, जवळ किंवा दूर, आहे काय? चौथा, मी तिला निदान दोन वर्षे देऊ शकेन काय? या चारही प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत. शेजारच्या मुलाने घेतली म्हणून, किंवा एखाद्या चित्रपटात ऐकली म्हणून घेतलेली भाषा तीन महिन्यांत सुटते.

ज्यास यंत्रविद्या, रसायन किंवा रुग्णसेवा या क्षेत्रांत जावयाचे आहे, त्याने जर्मनचा विचार करावा. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. मात्र बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना ते २०१७ पासून द्यावे लागते. मराठी विद्यार्थ्यास जर्मनची एक सोय आहे. आपल्याप्रमाणेच तीतही तीन लिंगे आहेत. मुलगी या अर्थाचा ‘मेड्शेन’ हा शब्द तेथे नपुंसकलिंगी आहे, याचे इंग्रजाला नवल वाटेल. ‘ते पोर’ म्हणणाऱ्या आपल्या माणसाला वाटू नये. ज्यास जपानी शिकावयाची आहे, त्याला ४६ मूळ अक्षरांच्या दोन वर्णमाला आणि त्यांवर २१३६ चित्राक्षरांची प्रमाण यादी यांच्याशी झुंज द्यावी लागेल. परंतु वाक्यरचना त्याच्या ओळखीची निघेल. ‘मी पुस्तक वाचतो’ यात जसा कर्ता आधी, कर्म मध्ये व क्रियापद शेवटी, तसाच क्रम जपानीत असतो, आणि आपल्या विभक्तिप्रत्ययांसारखे शब्दही नामाच्या मागेच लागतात. रशियनची लिपी ३३ अक्षरांची असून तिला विभक्ती ६ आहेत. मराठी व्याकरणात आठ विभक्ती पाठ केलेल्या मुलाला त्यांची भीती का वाटावी? ज्यांना आंतरराष्ट्रीय संस्थांत मानवी हक्कांचे काम करावयाचे आहे, त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषा पहाव्यात. त्या अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन व स्पॅनिश या होत. आणि ज्याला धम्माचा अभ्यास करावयाचा आहे त्याने पाली घ्यावी. ती परकी नसली तरी आपल्याला परकी करून ठेवलेली भाषा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केला.

मात्र एक पथ्य पाळावे. एका वेळी एकच नवी भाषा घ्यावी, आणि इंग्रजीचा अभ्यास सोडू नये. इंग्रजी आली म्हणजे इतर भाषांचे शब्दकोश व व्याकरणे आपल्यासाठी खुली होतात.

अभ्यास कसा चालवावा?

अभ्यासाची रीत साधी आहे, परंतु तिला खंड चालत नाही. दररोज एक तास ठरवावा. आठवड्यातून एकदा सहा तास बसण्यापेक्षा रोजचा एक तास अधिक फळ देतो. पहिले काही आठवडे केवळ ऐकण्यात व मोठ्याने म्हणण्यात घालवावेत, कारण आधी डोळ्यांनी शिकलेला चुकीचा उच्चार पुढे जिभेवरून जाता जात नाही. लिपी नवी असेल तर ती रोज हाताने गिरवावी.

तीन वह्या कराव्यात. पहिल्या वहीत सुटे शब्द न लिहिता संपूर्ण वाक्ये लिहावीत. दुसरीत व्याकरणाचा नियम मराठीशी ताडून लिहावा. तो आपल्यासारखा कोठे आहे व वेगळा कोठे आहे, हे आपल्या शब्दांत मांडावे. तिसरी वही उलटसुलट भाषांतराची असावी. परक्या भाषेतील आठ-दहा ओळी मराठीत आणाव्यात, पुस्तक मिटून ठेवावे, आठ दिवसांनी त्या मराठीवरून पुन्हा मूळ भाषा लिहावी आणि पुस्तकाशी पडताळून पहावी. पुस्तक हाच येथे तुमचा शिक्षक होतो, आणि तो कोणाची जात विचारीत नाही.

एकट्याने शिकणे याचा अर्थ एकाकी राहणे असा नव्हे. एका गावातील किंवा एका वसतिगृहातील दोघांनी एकच भाषा घ्यावी व आठवड्यातून एकदा परस्परांच्या वह्या तपासाव्यात. ज्यांना कुटुंबाबरोबर ऊसतोडीच्या फडावर जावे लागते, त्यांनी आपल्या वह्या सामानाबरोबर बांधून घ्याव्यात. शाळा मागे राहिली तरी हा अभ्यास बरोबर नेता येतो. पण एवढ्यावर समाधान मानून त्या मुलांची शाळा सुटू देऊ नये. तिथे शाळेची सोय मागणे हा आपला हक्कच आहे.

अभ्यासाचे मोजमापही असावे. युरोपीय भाषांसाठी ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या ठरलेल्या आहेत. जपानीच्या परीक्षेत एन-५ पासून एन-१ पर्यंत पाच पायऱ्या आहेत. खालच्या पायरीची परीक्षा आधी द्यावी.

फसवणुकीपासून सावध रहा

येथे पालकांना एक इशारा देणे अवश्य आहे. परदेशी नोकरीची हमी देऊन “तीन महिन्यांत भाषा शिकवितो” अशी जाहिरात करणारे मध्यस्थ आज गावोगाव फिरतात. साधा हिशेब करा. जर्मनच्या तिसऱ्या, म्हणजे बी-१ पायरीपर्यंत पोहोचण्यास ४५ मिनिटांच्या साधारण ३५० ते ६५० तासिका लागतात असे मानले जाते. रोज एक तास अभ्यास केला तर तीन महिन्यांत अशा १२० तासिका होतात, वर्षभरात सुमारे ४८६ होतात. म्हणजे नेटाने अभ्यास करणाऱ्यास ही पायरी वर्ष-दीड वर्षात गाठता येईल, परंतु तीन महिन्यांत रोजच्या एका तासाने कोणी तेथे नेऊ शकणार नाही. परिचारिकेच्या कामास तर साधारणतः त्याहून वरच्या, बी-२ पायरीची अपेक्षा असते. तेव्हा दागिने मोडून किंवा व्याजाने पैसे काढून कोणाच्या हाती देण्यापूर्वी हा हिशेब करून पहावा, आणि लेखी पावतीशिवाय एक पैही देऊ नये. परदेशी शिक्षणासाठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती व महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. नवदीक्षित बौद्ध कुटुंबांनी त्यांच्या अटी व लागणारे दाखले यांची चौकशी समाजकल्याण कार्यालयात स्वतः जाऊन करावी. मध्यस्थाच्या तोंडावर विसंबून राहू नये.

माता-पित्यांस

मातांनो आणि पालकांनो, तुमच्याकडून पैशापेक्षा वेगळ्या गोष्टीची अपेक्षा आहे. घरातील एक कोपरा आणि दिवसातील एक तास मुलाला द्या. त्या तासात त्याला कामाला हाक मारू नका. मुलीला तर हा तास अधिक जपून द्या, कारण पाणी, चूल व धाकटी भावंडे यांत तिचा तास सर्वांच्या आधी खर्ची पडतो. मुलगा दिवाबत्तीला अभ्यासाला बसतो आणि त्याच वेळी मुलगी भाकरी थापते, हा नियम कोणत्याही त्रिपिटकात नाही. पहिल्याच महिन्यात “याचा उपयोग काय?” असे विचारून मुलाचे मन खच्ची करू नका. मात्र तीन महिन्यांनी त्याच्यासमोर बसा आणि “एक पान वाचून दाखव, अर्थ सांग” असे जरूर म्हणा. तुम्हाला ती भाषा कळली नाही तरी मूल अडखळते की धीटपणे वाचते, हे आईच्या कानाला नक्की कळते.

विद्यार्थी मित्रांनो, कोणती भाषा घ्यावी हे मी तुम्हाला सांगितलेले नाही, आणि ते मुद्दामच सांगितलेले नाही. आपल्या वाडवडिलांना काय शिकावे हे दुसऱ्यांनी नेमून दिले. तुमच्या पिढीला ते स्वतः ठरविण्याचा अधिकार मिळाला आहे. तो वापरला नाही तर कागदावर राहील. तेव्हा ते चार प्रश्न आज रात्रीच वहीत लिहा, आपल्या मनाशी प्रामाणिकपणे त्यांची उत्तरे द्या, आणि येत्या पौर्णिमेपर्यंत एक भाषा निश्चित करा. त्यानंतर दोन वर्षे तिच्याशी इमान राखा. बुद्धीने निवडलेले आणि कष्टाने मिळविलेले ज्ञान कोणाला तुमच्या हातून काढून घेता येणार नाही.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

जय भीम! नमो बुद्धाय!